विश्लेषण : थंडीत बंब पुन्हा पेटला, जुन्या बंबाची देखभाल कशी करायची? खरा धोका कुठे असतो?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ही यात्रा ठाणे-रायगडच नव्हे, तर घाटावरही ओळखली जाते. घोंगडीला गिऱ्हाईक मिळते, कारण तेव्हा थंडीही तशीच असते. समुद्रापासून दूर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात पहाटेचा पारा मुंबईपेक्षा काही अंशांनी खाली असतो. या भागात घर गरम करण्याची सोय कोणी करत नाही. अंगणात शेकोटी आणि अंघोळीला कढत पाणी, एवढ्यावर हिवाळा निघतो. हे पाणी कुठे चुलीवरच्या पातेल्यात तापते, कुठे गिझरमध्ये आणि अनेक जुन्या घरांत आजही तांब्याच्या बंबात. आजोबांच्या काळातला हा बंब वर्षातले आठ महिने पडवीत पडून असतो आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर निघतो. तो सुरक्षित आहे का, गळत असेल तर काय करायचे, आतला पांढरा थर कसा काढायचा आणि नव्या बाथरूममध्ये तो पेटवावा का, याविषयी…

बंब काम कसा करतो?

रचना साधी आहे. बाहेर तांब्याचे किंवा पितळेचे गोल भांडे. त्याच्या मधोमध उभी नळी. नळीत खाली जाळी, जाळीवर विस्तव, जाळीखाली राख पडायला जागा. नळी आणि बाहेरचे भांडे यांच्यामधल्या पोकळीत पाणी. पाणी ओतायला वर तोंड आणि काढायला खाली तोटी. रशियातील समोवारची रचना हीच आहे. तिथे चहासाठी, इथे अंघोळीसाठी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत असे बंब हाताने ठोकून घडवले जात. (अग्निशमन दलाच्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात. एक आग पोटात घेऊन फिरतो, दुसरा विझवत फिरतो.)

या रचनेत विस्तवाला चारही बाजूंनी पाण्याचा वेढा असतो. चुलीवर पातेले ठेवले की जाळ पातेल्याच्या बुडाला लागतो आणि बाकीची उष्णता कडेने निघून जाते. तीन दगडांच्या साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच पाण्यात उतरते, असे मानले जाते. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २,१०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ०.५८ युनिट. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे १५,००० किलोज्यूलच्या आसपास उष्णता असते. म्हणजे चुलीवर एका बादलीला किलोभर लाकूड जाते. बंबाने त्यातली एक तृतीयांश उष्णता जरी पकडली, तरी तेच काम अर्ध्या किलोत होते. घरात चार माणसे अंघोळ करणार असतील, तर हा फरक रोज दोन किलोंचा आणि आठवड्याला जवळपास एका मोळीचा पडतो. ती मोळी बहुतेक घरांत बाईच्या डोक्यावरून येते.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि गावोगावी सिलिंडर पोहोचले. पण सिलिंडरवर भात-भाजी शिजते. अंघोळीच्या पाण्यासाठी तो जाळणे अनेक घरांना परवडत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातली चूल विझली तरी न्हाणीजवळची पेटतीच राहिली. बंबाच्या देखभालीचा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही.

पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ का लागतो?

जुन्या बंबाबद्दलची ही सर्वात सामान्य तक्रार. ‘तांबे जुने झाले’ असे त्यावर सांगितले जाते. तांबे जुने झाल्याने उष्णता कमी वाहून नेत नाही. अडचण असते ती त्यावर दोन्ही बाजूंनी साचलेल्या थरांची.

आतल्या बाजूला क्षार. विहिरीच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात खडकातून विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे चुनखडी. ती पाण्यात विरघळत नाही, सर्वात गरम पृष्ठभागावर जाऊन बसते. बंबात सर्वात गरम पृष्ठभाग म्हणजे मधली नळी. तांब्याच्या तुलनेत हा थर शंभराहून अधिक पट कमी उष्णता वाहून नेतो. साहजिकच जाळ तोच राहतो, पण उष्णता पाण्याकडे न जाता वरच्या तोंडातून धुराबरोबर निघून जाते.

किती क्षार साचू शकतो, याचा अंदाज बांधता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. इतक्या कठीण पाण्याचे रोज ६० लिटर, तीन महिने तापवले, तर बंबातून एक किलोहून अधिक क्षार जातो. त्यातला दहावा भाग जरी आत चिकटला, तरी हंगामाला शंभर ग्रॅम चुनखडी. वीस वर्षे न साफ केलेल्या बंबाच्या पोटात काय असेल, याची कल्पना यावरून करता येते. आपले पाणी किती कठीण आहे हे कळायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. पाणी उकळलेल्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उमटत असेल, तर ती बंबातही उमटते.

बाहेरच्या, म्हणजे जाळाच्या बाजूला काजळी. ओले लाकूड, प्लॅस्टिक, रंगवलेल्या फळ्या जाळल्या की ती जास्त धरते. काजळीही उष्णतेला अडवते आणि नळीचा मार्ग अरुंद करते. मार्ग अरुंद झाला की हवा कमी ओढली जाते, जाळ मंदावतो, धूर वाढतो आणि त्यातून आणखी काजळी धरते.

क्षार आणि काजळी कशी काढायची?

क्षारासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, पुरेसे असते. लिटरभर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम विरघळवून बंब त्या पाण्याने भरायचा, तोंड उघडे ठेवायचे आणि काही तास तसाच ठेवायचा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड असतो. बुडबुडे थांबले की पाणी काढून टाकायचे. थर जाड असेल, तर पुन्हा एकदा. हे करताना खाली विस्तव पेटवायचा नाही. आम्ल रात्रभराहून जास्त ठेवण्यात फायदा नाही. क्षार संपला की ते तांब्याकडे वळते आणि पाणी निळसर-हिरवट होऊ लागते. तो थांबण्याचा इशारा समजावा. शेवटी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यायचे.

संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र बंबात घालू नये. त्यातील हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार झटक्यात काढते, पण पितळेतील जस्त आणि जोडांवरचे कथील दोन्ही खाते. बंब लखलखीत होतो आणि पुढच्या आठवड्यात गळू लागतो. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायू तयार होतो आणि तो घातक असतो.

काजळीसाठी नळीच्या मापाचा तारेचा ब्रश किंवा काठीला बांधलेली काथ्याची गुंडी चालते. नळी वरून खालपर्यंत घासायची, पण बंब रिकामा आणि थंड असताना. हंगामात महिन्यातून एकदा हे केले तरी फरक जाणवतो. जाळीखालची राख रोज काढायला हवी. राख जाळीला टेकली की खालून हवा येणे बंद होते आणि जाळीही तापून लवकर झिजते.

बाहेरून चिंच-मीठ लावून घासण्याचे काय? नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब घासून, भरून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिला शोभेपलीकडचा उपयोगही आहे. काळवंडलेले तांबे चकचकीत तांब्यापेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. घासलेल्या बंबातले पाणी त्यामुळे थोडे अधिक वेळ गरम राहते.

बंब गळायला का लागतो?

याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच चुकीत सापडते. पाणी कमी असताना किंवा नसताना विस्तव पेटता राहतो.

तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. लाकडाचा जाळ त्याला वितळवू शकत नाही. पण बंब एकसंध पत्र्याचा नसतो, त्याला जोड असतात. मूळ जोड पितळी झाळीचे असले, तर तेही बरेच तापमान सोसतात. पुढे कधी गळती झाली आणि कोणी साध्या डाकाने, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने ती बुजवली असेल, तर तो डाक १९० अंशांच्या आसपासच पाघळतो. आत पाणी असेपर्यंत चिंता नसते. पाणी उकळले तरी १०० अंशांच्या वर जात नाही आणि ते धातूलाही फार तापू देत नाही. पाणी जोडाच्या खाली उतरले की हे संरक्षण संपते. काही मिनिटांत तो भाग दोनशेच्या पुढे जातो, डाक पाघळतो आणि दुसऱ्या दिवशी बंब ‘अचानक’ गळू लागतो.

एक तांब्या काढला की एक तांब्या ओता, हा घरातल्या मोठ्यांचा नियम याचसाठी होता. आता मुले तोटी उघडून बादली भरतात आणि निघून जातात. शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत विस्तव धगधगत असतो आणि नळीचा वरचा अर्धा भाग कोरडा पडलेला असतो. तापलेल्या कोरड्या बंबात मग कोणी एकदम गार पाणी ओतले, तर आणखी वाईट. धातू झटक्यात आकसतो, जोडाला तडा जातो आणि वाफेचा लोट वरच्या तोंडातून ओतणाऱ्याच्या हातावर येतो. चुकून बंब कोरडा तापलाच, तर पाणी न ओतता विस्तव खालून ओढून काढावा आणि बंब आपोआप थंड होऊ द्यावा.

गळती शोधायची तर बंब गार पाण्याने भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावा. ओल कुठून सुरू होते ते सकाळी कळते. बाहेर हिरवट-पांढरी रेघ दिसत असेल, तर तिथे फार दिवसांपासून पाणी झिरपत आहे. तोटीच्या आट्यांतून गळत असेल, तर तोटी काढून, आटे साफ करून टेफ्लॉनची पट्टी किंवा मेण लावलेला सुती दोरा गुंडाळला की काम भागते. मधल्या नळीच्या जोडातून गळत असेल, तर घरी एम-सील लावून उपयोग नाही. जाळ लागणाऱ्या भागावर ते टिकत नाही. तिथे पितळी झाळकाम करणारा कारागीरच लागतो. अशी माणसे आता कमी उरली आहेत. यात्रा-बाजारात कल्हईवाला भेटला, तरी कल्हई आणि झाळकाम ही वेगळी कामे आहेत, हे लक्षात घ्यावे.

बंबाला आतून कल्हई लागते का, हाही प्रश्न विचारला जातो. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांना करतात, कारण आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात. अंघोळीच्या पाण्याला तिची गरज नाही. मात्र बंबातले पाणी पिण्यासाठी किंवा चहासाठी वापरू नये. जुन्या डाकात शिसे असू शकते आणि गरम पाण्यात ते अधिक उतरते.

बंबाला थेट नळ जोडला तर?

गावात नळयोजना आली, गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी बसली, की हा विचार सुचतोच. टाकीतून पाइप बंबाच्या वरच्या तोंडाला, तोटीतून पाइप बाथरूममध्ये. ओतायची कटकट नाही. वेल्डिंगच्या दुकानात हे तासाभरात करून मिळते. जुन्या बंबाबाबत करता येण्याजोगी ही सर्वात धोकादायक गोष्ट आहे.

बंबाचे वरचे तोंड पाणी ओतायला असते, तसेच वाफ जायलाही असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. तोंड उघडे असेल, तर ती निघून जाते. ते पाइपने बंद केले, पाइपवर व्हॉल्व्ह बसवला आणि तो बंद असताना खाली विस्तव पेटला, तर बंबाचा बॉयलर होतो. कारखान्यातल्या बॉयलरला जाड पत्रा, सुरक्षा व्हॉल्व्ह, दाबमापक आणि सरकारी तपासणी असते. चाळीस वर्षे जुन्या, डाक लावलेल्या बंबाला यातले काहीच नसते. विस्तव हा बटण दाबून बंद करता येत नाही, हेही विसरून चालणार नाही. नळाचे पाणी हवेच असेल, तर ते बंबाच्या उघड्या तोंडावर वरून सोडावे. पाइप आणि बंब यांच्यात मोकळी हवा राहायला हवी.

खरा धोका बंब जुना असण्यात आहे का?

मुरबाड-शहापूरकडची जुनी घरे कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या लावून शेणमातीने सारवलेल्या भिंती, वर कौले. न्हाणी बहुधा घराबाहेर, तीन बाजूंनी आडोसा आणि वर आभाळ. बंब अंगणात किंवा पडवीच्या कडेला. धूर डोळ्यांत जायचा, पण कोंडून राहायचा नाही.

आता घरकुल झाले किंवा पोराने स्लॅबचे घर बांधले. बाथरूम घरातच आहे. पाच बाय सहा फुटांची, टाइल्सची, एका छोट्या खिडकीची. थंडीत ती खिडकीही बंद. त्यात बंब आणून ठेवला किंवा विस्तव आत राहील म्हणून दार लावून घेतले, तर तोच बंब, ज्याने पन्नास वर्षे कोणाला त्रास दिला नाही, एका पहाटेत जीव घेऊ शकतो. बंब बदललेला नसतो, त्याच्या भोवतालची हवा बदललेली असते.

कारण कार्बन मोनॉक्साइड. लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेत जळला, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय लटके पडतात. कडी काढावी असे वाटेपर्यंत हातात ती काढण्याचे बळ उरलेले नसते.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. ज्वाळा विझून लाल निखारे उरतात, तेव्हा धूर जवळपास नसतो, पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन झोपणे म्हणूनच जीवघेणे ठरते. कोरोनाकाळात अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजतो आणि ९८-९९ दाखवतो.

अशा वेळी त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांना ‘बंद बाथरूममध्ये बंब पेटला होता’ किंवा ‘गॅस गिझर सुरू होता’ हे न विसरता सांगायचे. नाहीतर चक्कर किंवा पित्त समजून उपचारात वेळ जाण्याची शक्यता असते. काढायला जाणाऱ्यानेही आत थांबू नये.

मग गॅस गिझर जास्त सुरक्षित नाही का?

धूर नाही, राख नाही, म्हणून तसे वाटते. हिशेब वेगळे सांगतो. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गिझर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच सात घनमीटरपेक्षा कमी असते. म्हणजे दहा मिनिटांत गिझर दोन घनमीटर हवा वापरतो. एकामागून एक तिघांनी अंघोळ केली, तर बंद बाथरूममधली बहुतांश हवा एकदा ज्वाळेतून गेलेली असते. ऑक्सिजन जसजसा घटतो, तसतशी ज्वाळा निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मुंबई-ठाणे परिसरातून दर हिवाळ्यात येणाऱ्या गॅस गिझरच्या दुर्घटनांच्या बातम्यांमागे बहुधा हेच कारण असते.

त्यामुळे गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. जुन्या गॅस गिझरच्या बर्नरवरची धूळ-जाळी वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. ज्वाळा पिवळी दिसली किंवा गिझरच्या वरच्या बाजूला काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिक बोलवावा. रबरी नळी किती जुनी आहे, तेही तेव्हाच बघून घ्यावे.

विजेच्या जुन्या गिझरमध्ये धुराचा प्रश्न नाही, क्षाराचा आहेच. कॉइलवर थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल जास्त तापते आणि जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती स्वतः गंजते, हेच तिचे काम. ती संपली की गंज टाकीला लागतो. दोन-तीन वर्षांनी ती तपासायची असते, हे बहुतेकांना ठाऊकच नसते; गिझर गळू लागल्यावर कंपनीला दोष दिला जातो. वरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी येते, म्हणून तिथे बूच मारणारे प्लंबरही आहेत. ते बूच आणि बंबाचे बंद तोंड, दोन्हींचा परिणाम एकच. बादलीत टाकायचा हीटर रॉड तर सर्वात स्वस्त आणि सर्वात बेभरवशाचा. रॉड सुरू असताना पाण्यात बोट घालून बघायचे नाही, बादली लोखंडाची नसावी, घरात अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. रॉडवर आयएस ३६८ आणि साठवणीच्या गिझरवर आयएस २०८२ या मानकाची आयएसआय खूण पाहून घ्यावी.

छतावरचा सोलर हीटर मुरबाड-शहापूरच्या हिवाळी उन्हात चांगला चालतो. त्यालाही पाणी लागते आणि काचेच्या नळ्यांतही क्षार बसतोच. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. टाकी कोरडी पडून उन्हात तापलेल्या नळ्यांत भरदुपारी गार पाणी सोडले की काच तडकते. बंबाचा कोरड्या तापण्याचा नियम इथेही तसाच लागू आहे.

भाजण्याचा धोका किती?

बंबाला थर्मोस्टॅट नसतो. तोटीतून ४५ अंशांचे पाणी येईल की ९० अंशांचे, हे विस्तवावर ठरते. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला पाच सेकंदांच्या आत भाजते. लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना आणखी लवकर. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग बंबाचे. उलट क्रमाने कढत पाण्याची बादली भरून विसाणाला गार पाणी आणायला गेलेल्या माणसाच्या मागे रांगते मूल बादलीपर्यंत पोहोचते. तोटी जमिनीपासून उंच यावी म्हणून बंब विटांवर ठेवतात, तेव्हा त्या विटा हलत नाहीत ना हेही पाहायला हवे. वीस लिटरचा भरलेला बंब विस्तवासह पंचवीस-तीस किलोंचा असतो.

बंब कधी मोडीत काढावा?

मधल्या नळीचा पत्रा बोटाने दाबल्यावर दबत असेल, जाळी बसायची कडा खाऊन गेली असेल किंवा एकाच हंगामात दोन वेगळ्या ठिकाणी गळती लागली असेल, तर दुरुस्तीचा खर्च वाया जातो. बाहेरचे भांडे शाबूत असेल, तर फक्त नळी बदलून देणारे कारागीर पुण्याच्या तांबट आळीत विचारल्यास सापडू शकतात. मुंबईत पायधुनीजवळच्या तांबाकाट्यावरही तांब्या-पितळेच्या भांड्यांचा बाजार आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी वजन स्वतः करून ठेवावे, कारण तांबे लोखंडाच्या भावाने जात नाही.

वापरातला बंब पावसाळ्यात ठेवण्याची रीतही महत्त्वाची आहे. राख तशीच राहिली, तर दमट हवेत ती ओल धरते आणि तिच्यातील क्षारांनी जाळी व नळीचा तळ खाल्ला जातो. शिमग्यानंतर थंडी सरली की राख काढून, नळी घासून, आतले सगळे पाणी उपसून बंब दोन दिवस उन्हात वाळवावा. नंतर तोटी उघडी ठेवून तो पालथा करावा आणि जमिनीला न टेकवता फळीवर ठेवावा. लाकूडफाटाही मेअखेर छपराखाली जायला हवा. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणीच असते. दिवाळीत ते जाळले, तर विस्तवाचा काही भाग लाकूड वाळवण्यातच खर्च होतो आणि बंबाच्या वाट्याला धूर येतो.